आपल्या छपरावरचा वारा

छोट्या पवनचक्कीच्या माहितीपत्रकावर सर्वांत ठळक आकडा असतो तो किलोवॉटचा. '1 किलोवॉट' असं मोठ्या टायपात, मागे निळं आकाश आणि त्यात तीन पांढरी पाती. हा एक किलोवॉट किती वाऱ्यात मिळतो, ते खालच्या तक्त्यात बारीक अक्षरांत सापडतं: सेकंदाला 11 किंवा 12 मीटर, म्हणजे ताशी चाळीसेक किलोमीटर. वारा जोखण्याची जी ब्यूफोर्ट मोजपट्टी आहे, तिच्यावर ही सहावी पायरी. या वाऱ्यात मोठ्या फांद्या हलतात, तारा शीळ घालतात आणि छत्री धरून चालणं मुश्कील होतं. असा वारा आपल्या अंगणातून वर्षाकाठी किती तास जातो, हे ज्याचं त्यानं आठवून बघावं.

एरवी आपल्याकडे 'आज वारा छान सुटलाय' असं जे म्हणतात, तो सेकंदाला 3 ते 5 मीटरचा असतो. पानं सळसळतात, दोरीवरचे कपडे उडतात. यंत्र 12 मीटरला एक किलोवॉट देत असेल, तर 4 मीटरला किती देईल? एक तृतीयांश वारा, तर एक तृतीयांश वीज, असा हिशोब मनात येतो आणि तिथेच फसगत होते. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग तिसऱ्या हिश्शावर आला की शक्ती सत्ताविसाव्या हिश्शावर येते. हजार वॉटचे उरतात सदतीस. दोन एलईडी ट्यूबलाइट, बस्स. त्यातही मंद वाऱ्यात जनित्राचं आणि इन्व्हर्टरचं पोट आधी भरावं लागतं.

पूर्वी खळ्यावर उफणणी करायचे तेव्हा शेतकरी संध्याकाळच्या वाऱ्याची वाट बघत तिवईवर उभा राहायचा. भुसा उडवायला झुळूक पुरे. पवनचक्कीला ती झुळूक जागंही करत नाही. बहुतेक छोटे संच सेकंदाला अडीच-तीन मीटरनंतर कुठे वीज द्यायला लागतात.

या घनाच्या नियमाला दुसरी बाजूही आहे आणि ती वाऱ्याच्या जागेवर राहणाऱ्यांच्या फायद्याची आहे. समजा एका गावात वारा सतत 4 मीटरनं वाहतो आणि दुसऱ्या गावात निम्मा वेळ 2 नं, निम्मा वेळ 6 नं. सरासरी दोन्हीकडे 4 च. पण घन करून पाहिलं तर दुसऱ्या गावातल्या वाऱ्यात पावणेदोन पट ऊर्जा निघते. वर्षाच्या विजेतला मोठा हिस्सा थोड्याच जोरकस तासांत येतो. म्हणून सरासरी वेगाचा एकटा आकडाही पुरता खरा नसतो.

मग यंत्र निवडताना बघायचं काय? पात्यांचा व्यास. पाती फिरताना जेवढं वर्तुळ व्यापतात तेवढ्याच वाऱ्याला ती हात घालू शकतात. व्यास दोनाचा तीन मीटर केला की क्षेत्र सव्वादोन पट होतं. आणि त्या वर्तुळातून जाणारी सगळी शक्ती काढून घेता येत नाही. तसं केलं तर हवा पात्यांमागे थांबेल आणि पुढची हवा येणारच नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यानं शंभर वर्षांपूर्वी ही मर्यादा गणितानं मांडली: जास्तीत जास्त 59.3 टक्के. घरगुती संचात जनित्र, तारा, बॅटरी असं सगळं धरून पंचवीस-तीस टक्के हाती आले तरी संच चांगला म्हणायचा. बेट्झच्या मर्यादेपलीकडे वीज देणारं 'क्रांतिकारी' यंत्र कुणी विकायला आणलं, तर चहा पाजून वाटेला लावावं.

तीन मीटर व्यासाच्या चांगल्या संचाचा ढोबळ हिशोब असा: त्या उंचीवर वर्षाची सरासरी 3 मीटर असेल तर दिवसाला जेमतेम एक युनिट. 4 असेल तर तीनच्या आसपास. 5 असेल तर पाचाच्या पुढे. महाराष्ट्रात एक किलोवॉटची सौर पॅनेलं वर्षाच्या सरासरीनं रोज चारेक युनिट देतात. त्यांना खांब लागत नाही, ती फिरत नाहीत, कुरकुरत नाहीत आणि महिन्यातून दोनदा धुतली की खूश असतात. या तुलनेतच या प्रकरणाचा निम्मा निकाल लागतो. उरलेला निम्मा मात्र ऐकण्यासारखा आहे, कारण छोट्या पवनचक्कीची गोष्ट सौर पॅनेलांच्या कितीतरी आधीची आहे.

1887 साली ग्लासगोमधले एक प्राध्यापक, जेम्स ब्लाइथ, यांनी स्कॉटलंडमधल्या मेरीकर्क या गावी आपल्या सुट्टीतल्या घराच्या बागेत कापडी शिडांची पवनचक्की उभी केली, तिच्यावर बॅटऱ्या भारल्या आणि घरात विजेचे दिवे लावले. उरलेल्या विजेवर गावचा रस्ता उजळतो म्हणाले, तर गावकऱ्यांनी हे सैतानाचं काम आहे म्हणून नाकारलं असं सांगतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलँडला चार्ल्स ब्रश यानं आपल्या बंगल्यामागे 17 मीटर व्यासाचं अजस्र चाक उभारलं. पाती 144, सगळी लाकडी. तळघरात बॅटऱ्यांच्या रांगा. वीसेक वर्षं ते चाक त्याचं घर उजळत राहिलं. एवढा पसारा मांडून वीज मिळायची 12 किलोवॉट, कारण पुष्कळ पाती म्हणजे जोर जास्त पण वेग कमी, आणि जनित्राला वेग हवा असतो. पाण्याच्या पंपाला जोर हवा, म्हणून पाणी ओढणाऱ्या जुन्या पवनचक्क्यांना पत्र्याची दाट पाती असतात. विजेसाठी थोडी आणि वेगवान पाती बरी, हे डेन्मार्कमधल्या आस्कोव्ह इथल्या शाळेत पॉल ला कूर यांनी 1891 पासून केलेल्या प्रयोगांतून पुढे आलं.

छोट्या पवनचक्कीचं खरं राज्य आलं ते 1920 आणि 30 च्या दशकांत, अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर. शेतं एकमेकांपासून मैलोन् मैल लांब, तिथे तारा कोण ओढणार? मोंटाना राज्यातल्या अशाच एका माळरानावर वाढलेल्या जेकब्ज भावांनी विमानाच्या पंख्यावरून धडा घेऊन तीन पात्यांचा दणकट संच बनवला. त्यांचे संच हजारोंनी खपले. एक तर रिचर्ड बर्डच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकावर गेला. 'विनचार्जर' नावाचं छोटं यंत्र रेडिओची बॅटरी भारायला मिळायचं, कारण शेतकऱ्याला दिव्याआधी बाजारभाव आणि गाणी हवी होती. मग 1936 चा ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा आला, सरकारी मदतीनं खांब रोवले गेले, आणि तार दारात आली तशी अंगणातली चक्की उतरली. यंत्र वाईट म्हणून हा धंदा बसला नाही. तारेची वीज स्वस्त आणि बिनघोर होती, म्हणून बसला.

त्यानंतरही जिथे जिथे छोटी पवनचक्की टिकली तिथे हीच अट दिसते: तार नाही आणि वारा आहे. चीनमधल्या अंतर्गत मंगोलियात लाखाहून जास्त पशुपालक कुटुंबांनी शंभर-दोनशे वॉटचे संच वापरले. बिऱ्हाड हललं की चक्कीही हलायची. आफ्रिकेत मलावी देशातल्या विल्यम कामक्वाम्बा या मुलाची गोष्ट तर जगभर गेली. दुष्काळात फीअभावी शाळा सुटली, गावच्या ग्रंथालयात ऊर्जेवरचं एक पुस्तक हाती लागलं, आणि त्यानं ट्रॅक्टरचा पंखा, सायकलचा डायनॅमो आणि सपाट केलेला पीव्हीसी पाइप जोडून निलगिरीच्या खांबांवर चक्की चढवली. घरात चार दिवे लागले. ज्या घरात काहीच नव्हतं तिथे चार दिवे ही मोठीच मिळकत. आपल्याकडच्या मीटर असलेल्या घरानं त्या गोष्टीवरून खरेदीचा निर्णय घेऊ नये.

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर स्कोरेग नावाची वस्ती आहे. तिथे गाडीरस्ता जात नाही, चालत नाहीतर होडीनं जावं लागतं. सरकारी तारही नाही. तिथे राहणारे ह्यू पिगट गेली कित्येक दशकं हातानं पवनचक्क्या बनवतात आणि इतरांना शिकवतात. त्यांच्या पद्धतीचं जनित्र एकदा जवळून बघावं. दोन लोखंडी तबकड्या, त्यांवर गोलाकार चिकटवलेली ताकदवान चुंबकं, आणि मधल्या फटीत राळेत ओतून घट्ट केलेली तांब्याच्या तारेची वेटोळी. ब्रश नाहीत, गिअर नाहीत. बाहेर येणारी तीन वायरची टोकं मोकळी असताना तबकडी एका बोटानं गिरकी घेते. तीच टोकं एकमेकांना टेकवा आणि पुन्हा फिरवून बघा: कुणीतरी काकवीत बुडवल्यासारखी ती जड होते. हाच या यंत्राचा ब्रेक. खालच्या एका स्विचनं तीन तारा जोडल्या की वर पाती मंदावतात. मात्र हे वादळ यायच्या आधी करायचं असतं. भर वादळात हा ब्रेक पुरेलच असं नाही.

वादळातलं रक्षण शेपटी करते, आणि ती युक्ती मला या सगळ्या यंत्रातली सर्वांत देखणी वाटते. पात्यांचं चाक खांबाच्या मधोमध नसतं, मुद्दाम किंचित बाजूला बसवलेलं असतं. त्यामुळे वारा त्याला सतत एका अंगाला वळवू बघतो. शेपटी त्याला वाऱ्यासमोर धरून ठेवते, पण शेपटीची बिजागरी तिरपी असते. वारा मर्यादेबाहेर गेला की चाक बाजूला वळतं, शेपटी बिजागरीवर दुमडत वर उचलली जाते, आणि चाक वाऱ्याला अंग चोरून उभं राहतं. वारा ओसरला की शेपटी स्वतःच्या वजनानं खाली येते आणि चाक पुन्हा समोर. ना सेन्सर, ना मोटर.

सौर पॅनेल आणि पवनचक्की यांच्यातला आणखी एक फरक दुकानदार सहसा सांगत नाही. बॅटरी भरली की पॅनेलचा स्विच बंद करता येतो. ते उन्हात नुसतं पडून राहतं. चालत्या चक्कीचा भार काढला तर पाती मोकाट सुटतात. म्हणून उरलेली वीज जाळायला एक हीटर ठेवावा लागतो, आणि तो हीटर किंवा त्याचा कंट्रोलर बिघडला तर वरचं यंत्र धोक्यात येतं. साध्या दहा मीटरच्या वाऱ्यातही पात्याचं टोक ताशी दोनशे किलोमीटरच्या वर धावत असतं. सैल झालेला एक नट काय करेल, ते सांगायला नको.

आता जागा. इथेच बहुतेक घरगुती संच मरतात. जमिनीलगत वारा झाडं, भिंती, टाक्यांना अडखळत येतो. अडथळ्यामागची खळबळ त्याच्या उंचीच्या दुप्पट वर आणि वीसपट लांब पसरते. तिथे वारा संथही असतो आणि दिशाहीनही. पाती धड फिरत नाहीत आणि बेअरिंग मात्र खिळखिळं होतं. जुना नियम असा, की दीडशे मीटरच्या परिसरात जे काही सर्वांत उंच असेल, त्याच्याही वर नऊ मीटरवर पात्याचं खालचं टोक असावं. तुमच्या मळ्यात बारा मीटरचं आंब्याचं झाड असेल तर खांब बावीस-तेवीस मीटरचा. तो रोवायला पाया, चारी बाजूंनी तणावे, टर्नबकल, आणि दुरुस्तीसाठी चेनपुलीनं आडवा पाडता येईल अशी बिजागरी. या सगळ्याचा खर्च यंत्राच्या बरोबरीनं, कधी त्याहूनही वर जातो. म्हणूनच विक्रेता म्हणतो, 'गच्चीवर बसवू, खांब कशाला?'

गच्चीचं काय होतं, ते ब्रिटनमध्ये मोजलं गेलं आहे. 2007-08 मध्ये वॉरिक विंड ट्रायल्स या चाचणीत इमारतींवर बसवलेले 26 संच वर्षभर तपासले. सर्वांत वाईट संच चालू असताना दिवसाला सरासरी 15 वॉट-तास वीज देत होता आणि त्याची इलेक्ट्रॉनिक्स 80 वॉट-तास खात होती. म्हणजे चक्की बसवल्यानं घराचं बिल वाढत होतं. उंच, मोकळ्या इमारतींवरचे संच बरे चालले, तर आवाजाच्या तक्रारींमुळे तेच बंद ठेवायची वेळ आली. वाऱ्यासाठी जगात नाव असलेल्या देशातली ही कथा.

उभ्या अक्षाच्या, पिळदार, शोभिवंत चक्क्यांबद्दल थोडक्यात. फिनलंडच्या सिगुर्ड साव्होनियसनं गेल्या शतकाच्या विशीत आणलेली अर्ध्या पिंपांची रचना कुठल्याही दिशेच्या वाऱ्यात फिरते आणि घरच्या घरी बनवताही येते, पण तेवढ्याच क्षेत्रातून ती तीन पात्यांच्या चक्कीच्या निम्मीच वीज देते. हॉटेलच्या दारात छान दिसते. दिसण्यासाठी हवी असेल तर जरूर घ्या.

महाराष्ट्राचा वारा लहरी आहे, आणि त्या लहरीला ऋतू आहे. चाळकेवाडी, वनकुसवडे, ढालगाव, ब्राह्मणवेल इथल्या थोरल्या पवनचक्क्या बघून त्या तालुक्यातल्या माणसाला वाटतं, आपल्याकडे वाऱ्याला काय तोटा? पण त्या पठारांच्या कडेवर उभ्या असतात आणि त्यांची पाती जमिनीपासून पन्नास, सत्तर, शंभर मीटरवर फिरतात. खाली खोऱ्यातल्या वस्तीवरचा वारा वेगळाच. शिवाय वर्षाच्या विजेचा मोठा वाटा जून ते ऑगस्टमध्ये येतो. दिवाळीनंतर वारा पडतो तो बहुतांशी फाल्गुन-चैत्रापर्यंत.

शेतीपंपाच्या दृष्टीनं याचा अर्थ सरळ आहे. पाणी उपसायची गरज जानेवारी ते मे, आणि वारा येतो पावसाबरोबर, पाटात पाणी असताना. गणितही जुळत नाही: पाच एचपीचा पंप सहा तास चालवायला बावीस युनिट लागतात, तीन मीटरची चक्की चांगल्या जागी तीन-पाच देते. पीएम-कुसुम किंवा 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून सौरपंप मिळत असताना पंपासाठी छोटी पवनचक्की घेणं मला तरी समर्थनीय वाटत नाही. 1980 च्या दशकात सरकारनं देशभर पाणी ओढणाऱ्या पवनचक्क्या वाटल्या होत्या. त्या काळी सौर पॅनेल आवाक्यात नव्हतं, तेव्हा तो विचार ठीक होता.

पण हाच ऋतू दुसऱ्या एका ठिकाणी कामाला येतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, सौर बॅटरी रिकामी पडते, झाड पडून लाइन जाते ती दोन-दोन दिवस येत नाही. नेमका तेव्हाच वारा असतो, आणि तो रात्रीही असतो. म्हणून इथे एकटी पवनचक्की किंवा एकटं पॅनेल यापेक्षा दोन्हींची जोडी शोभते. राज्याच्या महाऊर्जा या संस्थेनं केंद्राच्या अनुदानातून अशा वारा-सूर्य जोडसंचांचा प्रसारही केला. देशभरात या छोट्या संचांची एकूण क्षमता काही मेगावॉटच्या पुढे गेली नाही, म्हणजे आजच्या एकदोन थोरल्या पवनचक्क्यांएवढी. यातून त्यांची मर्यादा कळते, आणि योग्य जागा किती थोड्या आहेत तेही.

अशा जागा आहेत मात्र. समुद्राकडे तोंड केलेला, एकही झाड नसलेला कोकणातला कातळसडा. घाटमाथ्यावरचं एकलकोंडं हॉटेल किंवा निवासी शाळा, जिथे वीजवाहिनी आणायचा खर्चच लाखांत सांगतात. डोंगरावरचा दूरसंचार मनोरा, जो एरवी डिझेलवर चालतो. तिथेही हिशोब युनिटच्या दराशी करू नये, डिझेलच्या लिटरशी करावा. तेव्हा चक्की परवडते. कोकणात खाऱ्या हवेचा खर्च वेगळा धरावा. तिथे साधं लोखंड फार टिकत नाही. नट-बोल्ट स्टेनलेस, खांब गॅल्व्हनाइज्ड आणि पावसाळ्याआधी दरवर्षी खांब आडवा करून ग्रीस, पाती, तणावे तपासणं आलंच. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतली कित्येक गावं आठवड्यांमागून आठवडे अंधारात होती. आडवी पाडता येणारी चक्की अशा वादळाआधी जमिनीवर निजवायची आणि नंतर उभी करायची, हे ज्याला जमेल त्यानंच ती घ्यावी. वर चढून बघणारा मिस्त्री तालुक्याला मिळणार नाही.

घ्यायचीच असेल तर आधी वारा मोजा. ग्लोबल विंड अॅटलास इंटरनेटवर फुकट आहे. जागेवर वारा अगदीच कमी असेल तर तो लगेच सांगतो. पुढचं काम वेगमापकाचं. जिथे पाती येणार त्याच उंचीवर तो बांधून निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा नोंदी ठेवा. सरासरी साडेचार-पाच मीटरच्या खाली आली तर विषय तिथेच संपवावा. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेची चाचणी झालेला संच आहे का, हे विचारा. महावितरणच्या लाइनला जोडणार असाल तर परवानगी आधी, खांब नंतर.

आणि विक्रेत्याकडे एकच मागणी करा: तुमच्यासारख्याच जागेवर दोन वर्षं चाललेला त्याचा एक संच दाखवायची, मीटरमधल्या युनिटच्या नोंदीसह. तो घेऊन गेला तर जा, मालकाशी बोला, खांबाखाली उभं राहून आवाज ऐका. नुसतं माहितीपत्रकच पुढे करू लागला, तर त्याच पैशांत लागतील तितकी सौर पॅनेलं घ्या आणि उरल्या पैशांची चांगली बॅटरी घ्या.